एक नंबरचं पेट्रोल

गाडीला नवा कंप्युटर बसवायचा आणि पेट्रोल पंपाचा वास्तुदोष काढायचा, ही दोन्ही कामं बन्सीलालशेठनी एकाच मुहूर्तावर उरकली. मुहूर्त एक असला की भटजी एकच लागतो, नारळ एकच फुटतो आणि पेढेही एकदाच वाटावे लागतात. हा हिशेब अगदी बरोबर होता. पुढे जे रामायण झालं ते या बरोबर हिशेबातूनच झालं.

शेठचा पंप जळगावहून नशिराबादला जाताना हायवेला लागून होता. आणि गाडी म्हणाल तर साधीसुधी नव्हे. आखातातून परतलेल्या कुणा मुंबईकराकडून घेतलेली जपानी टर्बो. अशी गाडी अख्ख्या जिल्ह्यात दुसरी नाही, असं शेठ येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. कुणी विचारलंच, की टर्बो म्हणजे काय हो, तर ‘बसल्यावर कळतं’ एवढंच म्हणत, कारण त्यांनाही तेवढंच कळलेलं होतं.

या गाडीच्या पोटात एक कंप्युटर होता. इंजिनाला पेट्रोल किती द्यायचं आणि ठिणगी केव्हा टाकायची ते तो ठरवायचा. संक्रांतीला शेठनी हौसेनं गाडी स्वतः धुतली. बाहेरून धुतली, आतूनही धुतली, पाइप लावून. कंप्युटर आंघोळ करून जो झोपला तो उठलाच नाही. मग मुंबईच्या भंगार बाजारातून तसाच दुसरा मागवला आणि नूर महंमद मिस्त्रीनं तो मुहूर्तावर, अक्षता पडत असताना, बसवून दिला.

त्याच मुहूर्तावर शिंदखेड्याचे अभिमन गुरुजी होकायंत्र घेऊन पंपावर फिरत होते. त्या वर्षी वास्तुशास्त्राची साथच आली होती. कुणाचा जिना फिरत होता, कुणाचा संडास हलत होता. गुरुजी पेट्रोलच्या दोन मशिनांपाशी थबकले आणि त्यांनी जीभ चावली.

“शेठ, तुमचं एक नंबरचं मशीन नैर्ऋत्येला, आणि दोन नंबरचं ईशान्येला! लक्ष्मी येते ती दारातूनच परत जाते. मशिनांची अदलाबदल करा.”

“गुरुजी, खाली टाक्या पुरल्या आहेत. सगळं खणावं लागेल.” शेठनी खणायचा खर्च बोटांवर मोजला. मग त्यांना सुचलं. “मशीन राहू द्या जागेवर. नुसते आकडे बदलले तर?”

गुरुजींनी डोळे मिटले. दक्षिणेचं पाकीट खिशात आहे ना, ते चाचपलं. “चालेल. शास्त्रात आकड्यालाच महत्त्व आहे.”

लगेच कौतिक पेंटरला बोलावलं. त्यानं एकाचा दोन केला, दोनाचा एक केला, आणि वर हौसेनं दोन्हीकडे एकेक कमळ काढलं.

आता या पंपाची एक आतली गोष्ट सांगायला हवी. एक नंबरच्या मशिनावर साहेब लोकांच्या गाड्या, डॉक्टर मंडळी आणि स्वतः शेठ पेट्रोल भरत. दोन नंबरवर बाकीची जनता. रिक्षा, मोटारसायकली, लुना, सगळं रांगेत. असं का, ते फक्त शेठ आणि मॅनेजर रुपचंद यांना ठाऊक होतं. भर दुपारी उन्हानं रस्ता सामसूम झाला की रुपचंद लिंबाच्या झाडाखालच्या टाकीचं झाकण उघडायचा आणि त्यात रेशनचं रॉकेल ओतायचा. पंपावर त्याला रॉकेल म्हणायचं नाही असा दंडक होता. ‘तीर्थ’ म्हणायचं.

“तीर्थ कसं, पळीभरच असावं,” शेठ बजावत. “लोकांना त्रास व्हायला नको.” असा माणूस, मनानं अगदीच वाईट म्हणता येणार नाही.

मुहूर्ताचा फेरफटका छान झाला. टाकीत आधीचं पेट्रोल होतं, गाडी लोण्यातून सुरी जावी तशी गेली. संध्याकाळी शेठनी टाकी फुल केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, आकाशवाणीच्या चौकातून टर्बो उठवला न उठवला, तोच इंजिनातून आवाज आला. कट्-कट्-कट्-कट्. आत कुणीतरी बसून सुपारी कातरत होतं.

“नॉकिंग है शेठ,” नूर महंमदनं बॉनेटला कान लावून सांगितलं. “पेट्रोल टायमाच्या आधीच फुटतंय. इंजिन ठोकतंय.”

“मग त्याला टायमात फुटायला सांग!”

“सांगतो की. कालच कंप्युटर बदलला ना, तोच गडबड करत असंल. पन शेठ, एक विचारू का? पेट्रोल कुठलं—”

“मिस्त्री!” शेठ असे ओरडले की गॅरेजातला पाना खाली पडला. “पंपाच्या मालकाला विचारतोस पेट्रोल कुठलं? हलवायाला विचारतात का, पेढे कुठून आणले? एक नंबर भरतो मी! एक नंबर!”

नूर महंमदनं कानाला हात लावला. तीस वर्षं गॅरेज चालवणाऱ्या माणसाला गिऱ्हाईक कुठं दुखावू नये ते कळतं. त्यानं पुन्हा पेट्रोलचं नाव काढलं नाही.

शेठचा एवढा तोल जायला कारण होतं. त्यांची एकुलती लेक लता धुळ्याला दिली होती आणि तिला सातवा महिना लागला होता. दोन आठवड्यांनी, रविवारी, धुळ्याला डोहाळजेवण, आणि ते उरकलं की पोरीला बाळंतपणाला माहेरी आणायचं. आणायचं ते या टर्बोतून. कारण लग्नाच्या दिवशी शेठची जुनी गाडी पारोळ्याला बंद पडली होती आणि नवरीच्या बापाला स्वतःची गाडी ढकलत जावं लागलं होतं. व्याही रतिलालशेठ, जिनिंगवाले, ती गोष्ट प्रत्येक पंगतीत जिलबीबरोबर वाढत. ही टर्बो घेतली होती ती केवळ त्या एका गोष्टीचं तोंड बंद करण्यासाठी.

आणि परवाच रतिलालशेठनी आपल्या अहिराणी वळणाच्या मराठीत फोन केला होता. “गाडीनं काही खरं नसलं तर सांगा व्याहीबुवा. सूनबाईला आमच्या गाडीतून सोडू. पोर दोन जीवाची शे, ढकलाले कशी उतरी?”

लेकीला माहेरी आणायला बापाची गाडी नाही, सासऱ्याची लागते! शेठना रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

मग सुरू झाली गाडीची चिरफाड. नूर महंमदनं प्लग बदलले. गाडी ठोकत राहिली. त्यानं रेडिएटर काढून धुतला, कारण जळगावच्या उन्हात इंजिन तापतं आणि तापलं की ठोकतं. गाडी गार झाली आणि गारपणे ठोकू लागली. त्यानं इंजिनाचं हेड खोललं, आतली काजळी खरवडली, टर्बोचे पाइप उतरवून फुंकले, परत चढवले. शेठ रोज सकाळी टाकी फुल करून यायचे, कारण ट्रायलला पेट्रोल कमी पडायला नको. रोज गाडी आदल्या दिवसापेक्षा जास्त ठोकायची.

शेवटी शेठनी एसटीडी बूथमध्ये जाऊन मुंबईच्या कंप्युटरवाल्याला फोन लावला.

“तुमचा कंप्युटर खराब आहे!”

“अहो, तो तपासून दिलाय. आवाज कधी येतो?”

“ॲक्सिलेटर दाबला की!”

“मग पेट्रोल बघा. हलकं असेल. कुठून भरता?”

शेठनी रिसीव्हर असा आपटला की बूथवाल्यानं उठून तो फुटला तर नाही ना ते पाहिलं. तरी मुंबईवाल्यानं गुमान दुसरा कंप्युटर ट्रॅव्हल्सच्या बसमधून धाडला. तो बसवला. त्या कंप्युटरच्या राज्यातही गाडी ठोकतच होती.

घरी वेगळाच वैताग होता. शेठाणी कुंदाबाईंची लुना या दिवसांत अशी पळत होती की विचारू नका.

“अहो, ऐकता का? गुरुजींचा गुण आला हो! माझी लुना आजकाल एका किकमध्ये सुरू होते. धूर नाही, काही नाही. आधी कशी, रोज मेली बाजारात बंद पडायची.”

“तेव्हा तुला चालवता येत नव्हती,” शेठ कपाळ चोळत म्हणाले. “आता हात बसला.”

“हात बसला म्हणे! मग तुमचा कधी बसायचा?”

शेठनी चपला घातल्या आणि बाहेर पडले.

पंपावर जावं तर तिथं आनंदीआनंद. दोन नंबरच्या मशिनावर रांग पार रस्त्यापर्यंत आलेली. नासीर रिक्षावाला, जो एरवी ‘शेठ, तुमचं पेट्रोल पिऊन माझी रिक्षा खोकते’ म्हणून चारचौघांत तोंड वाजवायचा, तोच आता पुढे होऊन हात जोडायचा.

“शेठ, मान गये! आता कसं मस्त पेट्रोल देता! मी तर भुसावळच्या रिक्षावाल्यांनापन सांगितलं, नशिराबाद रोडवर एकच इमानदार माणूस हाय. आम्ही सगळे मिळून तुमचा सत्कार करनार आहोत, नारळ देऊन.”

“वास्तूचा गुण,” शेठ खिन्नपणे म्हणाले. जगाच्या गाड्या सुधारत होत्या आणि त्यांची एकट्याची ठोकत होती, हे काही वास्तुशास्त्राला शोभत नव्हतं.

एकट्याची तरी कुठे? शुक्रवारी एका बड्या साहेबांचा ड्रायव्हर पांढरी ॲम्बॅसिडर घेऊन एक नंबरवर आला आणि पेट्रोल भरायच्या आधी तोंड वाकडं करून म्हणाला, “शेठ, साहेब लय तापले. गाडी चढाला ठोकते. तुमच्याच पंपाचं भरतो आम्ही.”

“ठोकते?” शेठचे डोळे चमकले. दुःखात भागीदार मिळाला की माणसाला किती बरं वाटतं! “कंप्युटर बदला!”

“ॲम्बॅसिडरला कंप्युटर?”

“मग बसवू नका. बसवलात तर आणखी ठोकेल.” एवढं सांगून शेठ निघून गेले. ज्या गाडीला कंप्युटरच नाही तीही ठोकते, यावर क्षणभर थांबून विचार केला असता तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण शेठना विचार करायला वेळ नव्हता, गाडी दुरुस्त करायची होती.

रविवार उजाडला. नूर महंमदनं गाडी अंगणात आणून दिली आणि प्रामाणिकपणे सांगितलं, “शेठ, माझ्याकडनं जेवढं झालं तेवढं केलं. आता ॲक्सिलेटर हळू दाबा. दाबलाच नाही तर ठोकनारच नाही.”

शेठनी गाडी पंपावर नेली, एक नंबरवर धुळ्यापुरतं पेट्रोल भरलं, कारण हेड खोलल्यापासून गाडी हलकी ठेवावी असं त्यांना उगाच वाटत होतं. कुंदाबाई मागून लुनावर आल्या, लुना लिंबाच्या सावलीत लावली आणि डोहाळजेवणाच्या पिशव्या घेऊन गाडीत बसल्या. पारोळ्यापर्यंत शेठनी ॲक्सिलेटरवर पाय असा ठेवला होता जसा झोपलेल्या मुलाच्या अंगावर हात ठेवतात. बैलगाडीवाल्यांनी वळून पाहिलं. एका सायकलवाल्यानं तर मागे टाकलं. जिल्ह्यातली एकमेव टर्बो!

धुळ्याला शिरताना मात्र एक ट्रक आडवा आला, त्याला चुकवून पुढे निघायला शेठनी पाय दाबला, आणि व्याह्यांच्या दारापर्यंत गाडी कट्-कट्-कट्-कट् करतच गेली. रतिलालशेठ ओट्यावरच उभे होते.

“येवा व्याहीबुवा, येवा! गाडीमा कोन सुपारी कातरी राहिना?”

शेठ हसले. ते हसू कसं आणलं ते त्यांचं त्यांना माहीत.

डोहाळजेवण थाटात झालं. लताला झोक्यावर बसवलं, ओटी भरली, बायकांनी गाणी म्हटली. शेठ ताटातला पुरणाचा मांडा नुसता चिवडत होते. शेवटी हात धुताना रतिलालशेठनी तो विषय काढलाच.

“राग मानू नका. पन तुमनी गाडी ठोकस. सूनबाई आमनी गाडीमा येई. तुम्ही मागे मागे या.”

शेठची मान खाली गेली. हे ऐकायचं नव्हतं म्हणूनच तर दोन आठवडे जिवाचं रान केलं होतं. तेवढ्यात झोक्यावरून उतरलेली लता पुढे झाली.

“मामंजी, मी आबांच्याच गाडीतून जाईन. वाटेत बंद पडली तर पडली. लग्नातसुद्धा आबांनी ढकलली होती की, मला कुठं उतरू दिलं?”

कुंदाबाईंनी पदर डोळ्याला लावला. शेठना वाटलं, या पोरीसाठी आपण ही गाडी धुळ्यापासून जळगावपर्यंत खांद्यावर उचलूनसुद्धा नेऊ.

बाहेर येतात तर गाडी धुतलेली, पुसलेली, आणि आरशाला झेंडूची माळ.

“व्याहीनी गाडी रिकामी कशी धाडानी?” रतिलालशेठ म्हणाले. “मानपान शे. माणूस धाडीसन टाकी भरी दिधी, काठोकाठ.”

“कुठल्या पंपावर?” शेठ किंचाळलेच. दुसऱ्याच्या पंपाचं पेट्रोल आपल्या गाडीत! पण मानपान परत कसा करणार? टाकी काही उलटी करता येत नाही. ते तसेच चडफडत बसले, लता मागे बसली, आणि गाडी निघाली.

धुळ्याबाहेर फागणे गावाच्या पुढे गेल्यावर शेठच्या लक्षात आलं, की बराच वेळ काहीतरी होत नाहीये. त्यांनी भीत भीत पाय दाबला. टर्बो उठला. गाडीनं मऊ हुंकार दिला आणि झेपावली. सुपारी नाही, अडकित्ता नाही. आणखी दाबला. पारोळा मागे पडलं, एरंडोल मागे पडलं.

“आबा, किती छान चालते हो!” लता म्हणाली. “पाळण्यात बसल्यासारखं वाटतं.”

“गुरुजींचाच गुण,” कुंदाबाईंनी हात जोडले.

शेठ मात्र मनाशी एकेक मोजत होते. प्लग तेच, कंप्युटर तोच, हेड तेच, हवा तीच. बदललं होतं ते एकच. नूर महंमदचं अर्धवट राहिलेलं वाक्य, मुंबईवाल्याचं वाक्य आणि साहेबांच्या ड्रायव्हरचं वाकडं तोंड त्यांच्या डोळ्यांपुढून एका रांगेत गेलं. घरी न जाता त्यांनी गाडी थेट पंपावर घातली.

“रुपचंद! इकडे ये! एक नंबरमध्ये तीर्थ कोण टाकतं?”

“कोनी नाही शेठ,” रुपचंद पळत आला. “मी आपला लिंबाखालच्या टाकीत टाकतो. तुमीच सांगितलेलं.”

“लिंबाखालची टाकी कोणत्या नंबरची?”

रुपचंदनं लिंबाकडं पाहिलं, मग मशिनाकडं पाहिलं. कमळाखाली ठळक एक होता. “पहिले दोनची होती. आता… एकची झाली.”

“अरे, मग तुला कळलं नाही? आकडे बदलले की तीर्थाची टाकी बदलायची!”

“कळलं होतं बा. पन मले वाटलं, ते वास्तूत बसत असंल.”

शेठ मोबिल ऑइलच्या डब्यावर बसले. साहेब लोकांना आणि स्वतःला नेमानं रॉकेल पाजलं होतं, आणि ज्यांना रॉकेल पाजायचं त्या जनतेला शुद्ध पेट्रोल! म्हणूनच ती रांग, म्हणूनच तो नारळाचा सत्कार. आता आकडे परत फिरवावेत तर नासीर आणि भुसावळचे रिक्षावाले अंगावर येणार. न फिरवावेत तर साहेब येणार. कुठूनही धरलं तरी फांदी मोडत होती.

गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला. कुंदाबाई सावकाश खाली उतरल्या.

“म्हणजे आधी तीर्थ दोन नंबरमध्ये होतं?”

शेठनी नजर मशिनावरच्या कमळावर खिळवली.

“मी लुना कोणत्या नंबरवर भरायची?”

“अगं, तू रांगेत लागायचीस… मला कुठं माहीत…”

“नवी पेठेत, भर बाजारात, लुगडं खोचून पायडल मारलं मी! भिशीच्या बायांनी धक्के दिले. अन् घरी येऊन तुम्ही म्हणायचे, बायकांना गाडी कळत नाही!” कुंदाबाईंचा आवाज चढला तसा शेठचा चेहरा उतरला. “सगळ्या जगाला पाजलं ते पाजलं, बायकोलाही पाजलं! किल्ली द्या.”

शेठनी निमूट टर्बोची किल्ली दिली. ही गाडी कुंदाबाई चालवू शकतात की नाही हे विचारायची ती वेळ नव्हती. लता मागून खुदकन हसली आणि मग आबांची दया येऊन तिनं तोंडावर पदर धरला.

“शेठ,” रुपचंदनं दबकत विचारलं, “आज दोन कॅन आले आहेत. आता तीर्थ कोणत्या टाकीत टाकू?”

“कोणत्याच नाही,” शेठच्या आधी कुंदाबाईच बोलल्या. “आजपासून दोन्ही टाक्या एक नंबर. अन् आहे ते तीर्थ माझ्या लुनात भर. शेठ ते संपेपर्यंत लुनावर फिरतील.”

टर्बो आवाज न करता निघून गेली. आधी दोनदा झटके खाल्ले, मग नीट गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नशिराबाद रोडवर ऊन चढायला लागलं होतं. शेठ लुनावर पंपाकडं निघाले होते. लुना कण्हली, काळा धूर सोडला, कट्-कट् केलं आणि बंद पडली. शेठनी धोतराचा सोगा वर खोचला आणि पायडल मारायला सुरुवात केली. मागून नासीरची रिक्षा आली. सत्काराचा नारळ आणि हार पुढच्या काचेशी ठेवलेला होता. शेठना पाहून त्यानं रिक्षा हळू केली आणि काळजीनं तोंड बाहेर काढलं.

“अरे शेठ, हे काय? लुना ठोकते की! पेट्रोल कुठलं भरता?”

शेठनी कपाळावरचा घाम पुसला.

“माझ्याच पंपाचं,” ते म्हणाले, आणि पायडल मारत पुढे गेले.